पाणी सुटलेले कोलस्लॉ

चार वर्षांपूर्वी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या भागातील मराठी कुटुंबांची एका उद्यानात सहल ठरली होती. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. येथील उन्हाळी सहलींत प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा असा रिवाज असल्यामुळे कोणी भाजायला कणसे आणतो, कोणी पनीर मसाल्यात मुरवून आणतो, आणि बटाटेवडे तर कोणी ना कोणी आणतोच. त्या वर्षी मी कोलस्लॉ करण्याचे कबूल केले. नुसते कोलस्लॉ म्हणजे कोबी, गाजर आणि मेयोनेज. त्यात मुलांना रुची वाटावी म्हणून फळे घालावीत, आणि मेयोनेज निम्मे करून उरलेल्या जागी घरचे दही घालावे, असे मी ठरवले. ताजा अननस, सफरचंद, हिरवी द्राक्षे आणि वर दोन चमचे साखर. रात्री दहाच्या सुमारास सर्व काही एकत्र कालवून मोठे पातेले फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळचे एक काम उरकले म्हणून समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडले, तेव्हा पातेल्याच्या तळाशी दोन बोटे गढूळ पाणी साचलेले होते. सफरचंदाच्या फोडी तांबूस पडल्या होत्या, कोबी मऊ आणि लुळा झाला होता. एवढे असते तरी निभावले असते, परंतु चव पाहिली तर सगळेच कडू झालेले. बिघडलेल्या दह्याचा आंबटपणा नव्हे, तर जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ रेंगाळणारा खरा कडवटपणा. भिडेखातर लोकांनी चमचा चमचा वाढून घेतले. सहल संपल्यावर कागदी ताटल्या गोळा करण्याचे काम माझ्याकडेच असल्यामुळे त्या चमच्यांचे पुढे काय झाले हेही मला दिसले.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. घरी परतल्यावर त्यांनी उरलेल्यातले थोडेसे चाखून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, अननस आणि दही एकत्र रात्रभर ठेवलंस? विरुद्ध आहार तो.” विरुद्ध आहार हा शब्द आमच्या घरी इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो की मी तो फारसा मनावर घेत नाही. या एका बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे, प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. अननस जास्त खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यातही याचा हात असतो. दुधातील केसीन या प्रथिनाची साखळी ब्रोमेलेनमुळे तुटली की तिचे जे लहान लहान तुकडे होतात, त्यांतील काही चवीला कडू असतात. पाच मिनिटांत हे जाणवत नाही. रात्रभर ठेवले की हमखास जाणवते. किवी फळातही याच जातीचे एन्झाइम असते आणि कच्च्या पपईतले पपेन तर मांस मऊ करण्यासाठी सर्रास वापरतात, त्यामुळे ही फळेही दह्यात घालून ठेवण्यासारखी नाहीत. उष्णतेने मात्र ब्रोमेलेन निकामी होते. डबाबंद अननस डब्यात भरताना तापवलेला असतो, म्हणून तो दह्यात घातला तरी कडू होत नाही. मला डब्यातील अननसाची मिळमिळीत गोडी आवडत नाही, त्यामुळे आता मी ताज्या अननसाच्या फोडी कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर परतते. आधी त्यांना रस सुटतो, मग तो आटतो, आणि कडा किंचित करपू लागल्या की त्या उतरवून पूर्ण गार होऊ देते. असे केल्याने कडवटपणा टळतोच, शिवाय फोडींतील बरेचसे पाणी भांड्यात जाण्याऐवजी तव्यावरच उडून जाते.

कडवटपणाचे कारण असे एका वाक्यात सापडले. पाण्याचा प्रश्न अधिक मोठा होता, आणि फळे घातलेल्या कोलस्लॉमधील खरी मेख तीच आहे असे माझे मत झाले आहे. कोबीत वजनाच्या सुमारे 92 टक्के पाणी असते. सफरचंद आणि अननस यांत 86 टक्क्यांच्या आसपास, द्राक्षांत 80 टक्क्यांहून थोडे अधिक. हे सगळे पाणी पेशींच्या आत कोंडलेले असते. बाहेरून मीठ किंवा साखर लागली की पेशीच्या बाहेरचे द्रावण आतल्यापेक्षा दाट होते आणि पाणी पातळाकडून दाटाकडे ओढले जाते. म्हणजे मी मेयोनेज, मीठ आणि वर दोन चमचे साखर घालून रात्रभर ठेवले, तेव्हा कोबी आणि फळे यांच्यातून पाणी काढण्याची व्यवस्था माझ्याच हाताने केली होती. पाणी सुटणारच होते. प्रश्न एवढाच होता की ते मेयोनेज घालण्याआधी सुटावे की नंतर.

सासूबाईंनी हा प्रश्न विचारलाही नाही. पुढच्या खेपेला मी कोबी घेऊन बसले, तेव्हा त्यांनी बॅगेतून आणलेली घडीची विळी बाहेर काढली, गड्डा चौघडी चिरून मधला दांडा काढून टाकला आणि कोबी इतका बारीक चिरला की ताटात गवताचा ढीग पडल्यासारखे दिसू लागले. मग त्याला मीठ चोळून ताट तिरके ठेवले. खमंग काकडी करताना काकडी चोचवून पिळतात, तेच त्यांनी कोबीला केले. तासाभराने त्यांनी दोन्ही मुठींत कोबी घेऊन घट्ट पिळला. सातशे ग्रॅम चिरलेला कोबी आणि चहाचे दोन चमचे मीठ, म्हणजे साधारण बारा ग्रॅम, एवढ्यातून पाऊण वाटीच्या आसपास हिरवट पाणी निघाले. ते मी ओतून देणार होते. “टाकतेस काय? थालीपिठाची भाजणी भिजव त्यात,” असे म्हणून त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठात वेगळे मीठ घालावे लागले नाही.

पिळलेला कोबी धुवायचा की नाही, याविषयी आमच्यात थोडा मतभेद झाला. धुतला तर खारटपणा जातो, पण काढलेले पाणी पुन्हा आत जाते. माझा हिशेब असा की थोडे मीठ पिळताना निघून जाते, उरलेले मीठ पुढे फळे आणि दही यांत विभागले जाते, आणि वरून मीठ मुळीच घातले नाही तर चव बरोबर बसते. त्यामुळे मी धूत नाही. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. पिळलेला कोबी मऊ पडला असला तरी तो कुरकुरीतपणा गमावत नाही. तो वाकतो, पण दाताखाली आवाज करतो. रात्रभर मेयोनेजमध्ये पडून लुळा झालेला कोबी आणि हा कोबी यांत बराच फरक आहे.

कोबी किती बारीक चिरावा याचे सर्वांत जुने उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. कोलस्लॉ हा शब्द डच कोल्‌स्ला या शब्दावरून आला. कोल म्हणजे कोबी आणि स्ला म्हणजे सॅलड. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शब्द ‘कोल्ड स्लॉ’ असा ऐकू आला आणि त्यावरून काहींनी ‘हॉट स्लॉ’ही करून पाहिले, ही गंमत वेगळीच. हडसन नदीच्या काठची डच वसाहत 1664 मध्ये इंग्रजांकडे गेली, परंतु स्वयंपाकघरे एवढ्या लवकर बदलत नाहीत. 1749 साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य असलेला निसर्गअभ्यासक पेर काल्म त्याच नदीकाठच्या ऑल्बनी येथे राहत असताना त्याच्या डच घरमालकिणीने त्याला एक अनोळखी सॅलड करून दाखवले, आणि त्याने ते एखाद्या वनस्पतीचे वर्णन करावे तसे काटेकोरपणे टिपून ठेवले. तिने कोबीची आतली पाने घेऊन त्यांच्या लांब, बारीक पट्ट्या चिरल्या. रुंदी इंचाच्या बाराव्या भागापासून सहाव्या भागापर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन ते चार मिलिमीटर. त्यावर तेल, व्हिनेगर, मीठ आणि मिरी घालून सर्व सारखे कालवले. तेलाऐवजी पुष्कळदा वितळलेले लोणी गरम भांड्यातून वरून ओततात, असेही त्याने लिहिले आहे.

हे वाचून मी विळीवर चिरलेल्या कोबीचे दहा-बारा तुकडे मोजपट्टीवर ठेवून पाहिले. बहुतेक दोन मिलिमीटरच्या आतलेच होते. आणि त्या गरम लोण्याविषयी वाचताना मला पचडीवर ओतल्या जाणाऱ्या चुरचुरत्या फोडणीचीच आठवण झाली. आमच्या माहेरी कोबीच्या पचडीत हिरवी मिरची, लिंबू, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी असे. आईने कोलस्लॉ हे नावही ऐकलेले नव्हते. ऑल्बनीची ती बाई आणि माझी आई यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, तरी कच्च्या कोबीला आंबट आणि गरम स्निग्ध पदार्थ लागतो हे दोघींनाही ठाऊक होते. काल्मच्या वर्णनात मेयोनेज नाही, हेही येथे नोंदवायला हवे. बाटलीतले तयार मेयोनेज अमेरिकेतल्या घरोघरी पोहोचू लागले ते विसाव्या शतकात. उत्तर कॅरोलायनातील लेक्सिंग्टनच्या बाजूला आजही डुकराच्या भाजलेल्या मांसासोबत जे लाल स्लॉ देतात, त्यात व्हिनेगर आणि केचप असते, मेयोनेज नसतेच.

आता फळांकडे येते. सहलीच्या फजितीनंतर मी जवळजवळ प्रत्येक हंगामात एकेक फळ करून पाहिले, आणि प्रत्येक वेळी एकच कसोटी लावली: हे फळ आपले पाणी स्वतःजवळ ठेवते की भांड्यात सोडून देते. या कसोटीवर पहिला क्रमांक डाळिंबाचा. दाणा सोलताना फुटला नाही, तर तो दाताखाली येईपर्यंत रसाचा एक थेंबही बाहेर सोडत नाही, आणि पांढरट कोबीत लाल दाणे दिसतातही सुंदर. येथे शरद ऋतूत कॅलिफोर्नियाची डाळिंबे मिळतात. त्यांचा रंग गडद असतो, परंतु बी कठीण असते, आणि सोलापूरकडच्या भगव्या डाळिंबाच्या मऊ दाण्याची सवय असलेल्याला ते बी कचकचते. तक्रार एवढीच.

दुसरा क्रमांक ब्लूबेरीचा, आणि त्यात थोडा स्थानिक अभिमान आहे हे मान्य करते. रानात उगवणाऱ्या या झुडपाची निवड आणि संकर करून शेतीयोग्य ब्लूबेरी तयार झाली ती आमच्याच न्यू जर्सीत, व्हाइट्सबॉग येथे. एलिझाबेथ व्हाइट यांच्या कुटुंबाची तेथे क्रॅनबेरीची शेती होती. रानातील उत्तम झुडपे शोधण्याच्या कामी त्यांनी आसपासच्या लोकांची मदत घेतली, आणि सरकारी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासह काम करून 1916 मध्ये पहिले पीक बाजारात पाठवले. जुलैत ती येथे मुबलक असते. अख्खी ब्लूबेरी पाणी सोडत नाही आणि तिचा निळा रंग सालीतच राहतो. मात्र कालवताना चमच्याने दाबली गेली की सगळे कोलस्लॉ जांभळट करड्या रंगाचे होते, म्हणून ती शेवटी वरून घालावी आणि हलक्या हाताने एकदाच ढवळावी.

सफरचंदाशिवाय मला चैन पडत नाही, कारण कोबीशी त्याचे सर्वांत जास्त जमते. दोन्ही कुरकुरीत, एक तिखटसर आणि एक आंबटगोड. हिरवे ग्रॅनी स्मिथ घ्यावे. ते साल न काढता काड्यापेटीतल्या काडीएवढे लांब चिरावे आणि चिरता चिरताच लिंबाच्या रसात टाकावे. सफरचंद काळे पडते ते त्यातील एका एन्झाइमची आणि हवेतील ऑक्सिजनची गाठ पडल्यामुळे, आणि लिंबाच्या आम्लात ते एन्झाइम मंदावते. द्राक्षांबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही. अख्खी घातली तर ती ताटलीभर गडगडतात आणि त्यांना दही चिकटत नाही. अर्धी केली तर पाणी सोडतात. वाढण्याच्या आधी पाच मिनिटे अर्धी करून घालणे एवढाच मार्ग मला सापडला आहे. संत्र्याच्या पाकळ्या, पीच, स्ट्रॉबेरी ही फळे मी पूर्णपणे सोडून दिली. पिकलेला आंबा या भांड्यात घालणे मला पटतच नाही. आंब्याला मेयोनेज लावलेले पाहून जिवाला जे होते, त्याचे एन्झाइमांत स्पष्टीकरण नाही. कैरीची गोष्ट निराळी. येथील दुकानांत मिळणारे कडक, हिरवे आंबे आंबा म्हणून निराशा करतात, पण किसून कैरी म्हणून वापरले तर व्हिनेगरची गरज उरत नाही.

सुक्या फळांचे महत्त्व मात्र मला फार उशिरा कळले. बेदाणे किंवा सुकवलेली क्रॅनबेरी पाणी सोडत नाही, उलट शोषून घेते. कोबीतून चुकून उरलेले पाणी तासाभरात बेदाण्यांत जाते, ते टपोरे होतात आणि भांडे कोरडे राहते. दोन मुठी बेदाणे घातल्यापासून मी साखर घालणे बंद केले आहे. मुळात फळे घालून वर पुन्हा साखर घालण्यात काही अर्थ नव्हता.

सारणाला, म्हणजे ज्यात हे सगळे कालवायचे त्याला, मी आता अर्धी वाटी चक्का आणि पाव वाटी मेयोनेज घेते. श्रीखंडासाठी दही टांगून ठेवतो तसेच ते चार तास टांगले की त्याचे पाणी आधीच निघून गेलेले असते. त्यात चमचाभर फेसलेली मोहरी. ही कल्पना मात्र माझी स्वतःची. अमेरिकन कोलस्लॉमध्ये बाटलीतली मोहरी घालतात, तेव्हा घरची फेसलेली का नको, असे वाटले. मोहरी आणि कोबी एकाच कुळातील. कोबी चिरल्यावर नाकाला जो हलका झणका लागतो आणि मोहरी फेसल्यावर जो डोक्यात जातो, ते एकाच प्रकारच्या द्रव्यांचे काम असते. मोहरी गार पाण्यातच वाटावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. गरम पाणी किंवा लिंबू आधीच घातले तर तो झणका नीट तयार होत नाही. फळ आणि मोहरी ही जोडी नवी वाटत असेल, त्यांनी गोव्याकडचे सांसव आठवून पाहावे. ओले खोबरे, मोहरी, गूळ आणि त्यात रायवळ आंबे किंवा अननस. तेथे दूध-दही नसल्यामुळे अननसही सुखाने नांदतो.

क्रम असा राहतो. कोबी आणि थोडे गाजर पिळून, बेदाण्यांसह सारणात आदल्या रात्री कालवून ठेवायचे. सफरचंद आणि परतलेला अननस निघण्याआधी. ब्लूबेरी, डाळिंब किंवा द्राक्षे वाढताना. सहलीला नेताना पातेले बर्फाच्या पेटीत ठेवायचे, कारण येथील अन्नसुरक्षेचा नियम असा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त आणि तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये असे सांगतो, आणि जुलैतल्या दुपारी तो एक तास फार लवकर संपतो.

गेल्या मार्चमध्ये सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. त्यांनी भिशीच्या बायकांसाठी ‘ते तुझं कोबीचं’ केले होते, द्राक्षांचा हंगाम होता म्हणून द्राक्षे घातली होती, आणि सगळे संपले होते.

“आई, मेयोनेज मिळालं का तुम्हाला?” मी विचारले.

“ते कशाला आणायचं? दही घातलं आणि दाण्याचं कूट घातलं.”

“मग ती पचडीच झाली की.”

“झाली तर झाली. पण पाणी नाही सुटलं हो. कुटाने धरून ठेवलं सगळं.”

मी फोन ठेवला आणि जरा वेळ ओट्यापाशीच उभी राहिले. कोशिंबिरीत कूट चवीसाठी घालतात असे मी लहानपणापासून समजत आले होते. त्या शनिवारी मी नेहमीच्या कोलस्लॉमध्ये तीन चमचे भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट घातले आणि मुद्दाम संध्याकाळपर्यंत ठेवून दिले. रात्री पातेले तिरके करून पाहिले, तर तळाशी जेमतेम चमचाभर ओल होती.